जुनी फोर बाय फोर कमी खर्चात रस्त्यावर आणताना: काय आधी, काय नंतर

जुनी फोर बाय फोर दारात आली की पहिल्या महिन्यात बहुतेक जण दोन कामं करतात. मोठे टायर मागवतात, आणि सीटपासून मडगार्डपर्यंत सगळी गाडी एकदम खोलून बसतात. पुढचं ठरलेलंच असतं. कुठले बोल्ट कुठल्या डब्यात ते आठवत नाही, पैसे टायरमध्ये अडकलेले असतात आणि ब्रेकला अजून हातही लागलेला नसतो. शेवटी गाडी भंगाराच्या भावात जाते. गाडी वाईट नसते, कामाचा क्रम चुकलेला असतो.

म्हणून इथे क्रमावरच भर दिला आहे. आधी चासी (गाडीचा पोलादी सांगाडा), मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, मग वायरिंग, मग फोर बाय फोरची यंत्रणा, आणि टायर, उंची, रंग सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्पा पुढचा खर्च करायचा की नाही ते सांगतो. चासी कुजलेली निघाली तर त्याआधी इंजिनवर घातलेले पैसे बुडालेच.

खालची माहिती शिडीसारखी चासी, सरळ ॲक्सल आणि पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) सस्पेन्शन असलेल्या जुन्या ट्रक-पिकअपला धरून दिली आहे. नेमके आकडे मात्र तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. कुठल्याही हत्याराआधी विकत घ्यायची वस्तू तीच.

## टप्पा १: खोलण्याआधी तपासणी

गाडी धुवायची घाई करू नका. आधी खाली झोपून टॉर्चच्या उजेडात तेलाचे ओघळ कुठून सुरू होतात त्याचे फोटो काढा. ओघळ नेहमी वरून खाली आणि पुढून मागे पसरतो, त्यामुळे सर्वात उंच आणि सर्वात पुढची ओली जागा शोधायची. हे फोटो जपून ठेवा, शेवटच्या टप्प्यात लागतील. त्यानंतरच खालची बाजू धुवून, खरवडून स्वच्छ करा.

आता चासी. लहान हातोडीने दोन्ही बाजूंचे मुख्य बार इंच-इंच वाजवत जा. घट्ट पोलाद खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. पाट्यांची टोकं चासीला धरणारे हँगर आणि शॅकल, बॉडी जिथे टेकते ते माउंट, मागच्या चाकांच्या वरची कमान, आडव्या बारांचे सांधे आणि स्टिअरिंग बॉक्सची बैठक या जागा आधी कुजतात, कारण तिथे चिखल साठून ओला राहतो.

ताज्या काळ्या अंडरकोटवर विश्वास ठेवू नका. मी पाहिलेल्या एका पिकअपची खालची बाजू शोरूममधून आल्यासारखी काळीभोर होती. मागच्या शॅकलपाशी हातोडी मारली तेव्हा आवाज थप्प आला. स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला, तर तो अंडरकोटच्या जाड सालीतून थेट मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओल्या मातीत मिसळलेला तांबूस भुगा चिकटला होता. पोलाद संपलेलं होतं, आकार फक्त त्या सालीने धरून ठेवला होता.

मग इंजिन. फिरत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. बरेच दिवस बंद असेल तर मात्र टप्पा ८ मधली तयारी केल्याशिवाय सेल्फ मारू नका. या टप्प्यात पाना लागतो तो एवढ्यापुरताच. पेट्रोल इंजिनात सगळे प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरसाठी सेल्फ सारखाच वेळ मारा. सर्वात कमी आकडा सर्वात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये दोष आहे. तिथे चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी दाखवत असतील तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असतं.

सावधान: डिझेल इंजिनात ऑइल टाकून बघू नका. तिथे पिस्टनच्या वरची जागा फार लहान असते. ऑइल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. डिझेलचं गेजही वेगळं असतं, पेट्रोलचं गेज तो दाब झेलणार नाही.

थांबून ठरवा: चासीत तीन-चार ठिकाणी भोकं आणि शिवाय दोन सिलिंडर मेलेले, अशी गाडी कमी खर्चात होत नाही. ती दुसऱ्या गाडीसाठी सुट्या भागांचा साठा म्हणून ठेवा किंवा सोडून द्या.

## टप्पा २: वही आणि पैशांची वाटणी

एका वहीत तीन याद्या करा. पहिलीत गाडी थांबवणाऱ्या आणि वळवणाऱ्या गोष्टी, दुसरीत चालवणाऱ्या, तिसरीत दिसणाऱ्या. पहिली यादी संपेपर्यंत तिसऱ्या यादीतलं काहीही विकत घ्यायचं नाही. एकूण रकमेचा एक तृतीयांश भाग बाजूलाच ठेवा. जुन्या गाडीत न दिसलेलं काम निघतंच, आणि ते नेमकं गाडी खोललेली असतानाच निघतं.

काटकसर कुठे करायची हेही आधीच ठरवा. दरवाजे, मडगार्ड, सीट, काचा, चाकाच्या डिश, डिफरन्शियलचं (ॲक्सलवरची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचं) हाउसिंग हे सगळं वापरलेलं घेतलं तरी चालतं. ब्रेकचे रबरी पाईप, व्हील सिलिंडरचे सील, टाय रॉडचे एंड, बेअरिंग, यू-बोल्ट आणि इंधनाचे पाईप मात्र नवेच. बोल्ट बदलताना डोक्यावरचा आकडा बघा, तो बोल्टची ताकद सांगतो. ८.८ चा बोल्ट निघाला तर ८.८ किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलाच घालायचा. स्टेनलेस बोल्ट चकचकीत आणि न गंजणारा असतो म्हणून सस्पेन्शनला लावणारे भेटतात, पण नेहमी मिळणारा स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो.

हत्यारांत टॉर्क रेंच, मल्टीमीटर, चांगल्या प्रतीचे सहा कोनी सॉकेट आणि भक्कम जॅक स्टँडच्या दोन जोड्या एवढं पुरेसं आहे. सहा कोनी अशासाठी, की बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतं.

## टप्पा ३: गाडी उचलण्याआधी

हा टप्पा वाचून सोडून देण्याचा नाही.

१. जमीन कठीण आणि सपाट हवी. मातीवर काम करायचं असेल तर जॅक आणि स्टँडखाली जाड फळी घाला. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे आधार म्हणून कधीही लावू नका. ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात.

२. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नका. स्टँड लावा, गाडी हलवून बघा, मगच खाली जा.

३. काही जुन्या फोर बाय फोरमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवर असतो. अशा गाडीचं एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे दुसरं चाक फिरायला मोकळं होतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावा.

४. दोन तुकड्यांत बोल्टने जोडलेल्या रिम असतील तर चाकाचे नट आणि रिम जोडणारे नट वेगळे असतात. टायरमध्ये हवा असताना रिमचे नट सोडले तर रिम स्फोटासारखी उघडते, आणि यात माणसं गेली आहेत. अशा रिमला हात लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा. लॉक रिंग असलेल्या रिम तर जाणकार टायरवाल्याकडेच द्या.

५. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, कोरड्या ब्रशने झटकू नका. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

## टप्पा ४: अडकलेले नट-बोल्ट

कमी पैशांच्या कामात सर्वात जास्त वेळ इथे जातो, आणि बहुतेक नुकसानही इथेच होतं. चूक एकच: पान्याला पाईप लावून एका दमात जोर काढणं. बोल्ट तुटतो, मग ड्रिल, मग वाकडं ड्रिल, मग नवे आटे.

क्रम असा ठेवा. उघडे आटे वायर ब्रशने साफ करा. पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, छोटे ठोके द्या, त्याने आट्यांतला गंज फुटतो. मग पाना लावून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवा. 'टक्' असा आवाज आला की सोडवायला लागा, पाव फेरा सैल, जरा मागे, पुन्हा सैल. करकर वाढली तर थांबून ऑइल मारा.

हे करूनही सुटला नाही तरच उष्णता. नट तापवायचा, बोल्ट नाही. टाकी, इंधनाचा पाईप, ब्रेकचा पाईप किंवा रबरी बुश जवळ असेल तर ज्योत लावायचीच नाही. नट कापून काढा, नवा नट फार स्वस्त असतो.

निघालेला प्रत्येक बोल्ट शक्यतो त्याच भोकात दोन फेरे बसवून ठेवा. जमत नसेल तर पिशवीवर जागेचं नाव लिहा. 'लक्षात राहील' असं वाटतं, पण तीन महिन्यांनी राहत नाही.

## टप्पा ५: चासीचा गंज आणि वेल्डिंग

वरवरचा गंज असेल तर वायर ब्रशने पोलाद उघडं करा, गंजरोधक प्रायमर मारा आणि वर रंग. आतून पोकळ बारात मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स फवारा, पण पाणी निघून जायची भोकं बुजवू नका.

भोक पडलं असेल तर कुजलेला भाग कडेच्या चांगल्या पोलादापर्यंत कापून काढावा लागतो. गंजावर पत्रा चिकटवून चारी बाजूंनी वेल्डिंग केलं की आत पाणी अडकतं आणि पॅचच्या कडेने चासी पुन्हा कुजते. हँगर, स्टिअरिंग बॉक्सची बैठक आणि सीटबेल्टचे बिंदू या जागांचं वेल्डिंग शिकाऊ हाताने करू नका. स्वतः कापणं, घासणं, साफ करणं करा आणि वेल्डिंगपुरता अनुभवी वेल्डर बोलवा. मजुरीतला मोठा भाग तयारीचाच असतो, तो असा वाचतो.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, अल्टरनेटरच्या वायरी काढा, जवळचे इंधनाचे पाईप आणि टाकी पूर्ण बाजूला करा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ असते.

सावधान: क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या झोताने त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. डब्यावरची घटकांची यादी वाचा. शंका असेल तर साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडं करा.

## टप्पा ६: ब्रेक

इथे घाई चालत नाही. एका वेळी एकाच बाजूचा ड्रम उघडा, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे होती ते बघायला दुसरी बाजू शाबूत राहते.

१. ड्रम काढणं. आधी ॲडजस्टर मागे घ्या, नाहीतर आतल्या कडेवर शू (लायनर लावलेली कमान) अडकून राहतो. बऱ्याच ड्रमला दोन आट्यांची भोकं असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. कडेवर हातोडा घालू नका, बिडाचा ड्रम तडकतो.

२. मोजणं. बऱ्याच ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापुढे झिजलेला ड्रम कितीही गुळगुळीत दिसला तरी बाद.

३. व्हील सिलिंडर. रबरी टोपी जराशी उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. एका बाजूचा गळत असेल तर त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूचाही करून टाका. ब्रेक ऑइलने भिजलेले शू धुवून पुन्हा वापरायचे नाहीत.

४. रबरी पाईप. बाहेरून चांगले दिसले तरी सगळे बदला. जुना पाईप आतून फुगतो. पॅडल दाबल्यावर ऑइल जातं पण परत येत नाही, आणि चाक ब्रेक लागल्यासारखं गरम होत राहतं. लोक यासाठी शू बदलतात, सिलिंडर बदलतात, आणि दोष पाईपमध्ये असतो.

५. ऑइल. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलचे, हवेतली ओल शोषणारे. डॉट ५ सिलिकॉनचं, ते त्यांत मिसळायचं नाही. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो, ओल मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. लांब उतारावर पॅडल मऊ का पडतं, ते यावरून कळेल. अर्धवट उघडा पडलेला जुना डबा वापरू नका.

६. शू ॲडजस्ट करा, मगच हवा काढा. हा क्रम उलटा झाला की पॅडल खोल जातं आणि हवा राहिली असं वाटून लोक तासन् तास ब्लीडिंग करत बसतात. हवा साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून (पॅडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सर्वात लांबच्या चाकापासून काढायला सुरुवात करा आणि जवळ या. टाकीतली पातळी खाली जाऊ देऊ नका.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगतो. जुना मास्टर सिलिंडर ठीक वाटला म्हणून तसाच ठेवला आणि हवा काढताना मदतनीसाला पॅडल तळापर्यंत दाबायला लावलं. रोजच्या वापरात पिस्टन अर्ध्या वाटेपर्यंतच जातो. पुढच्या न वापरलेल्या भागात गंजाचे कण होते, त्यांवरून सील घासले आणि फाटले. संध्याकाळपर्यंत पॅडल हळूहळू खाली बसायला लागलं. तेव्हापासून जुना मास्टर असेल तर पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो, म्हणजे पॅडल नेहमीच्या हद्दीपलीकडे जात नाही.

तपासा: पॅडल जोरात दाबून एक मिनिट धरा. खाली सरकत असेल तर बाहेर कुठे ओल आहे ते बघा. नसेल तर मास्टर आतून गळतोय. बूस्टर (पॅडलचा जोर वाढवणारा डबा) असेल तर इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली गेलं पाहिजे.

## टप्पा ७: स्टिअरिंग, बेअरिंग, पाटे

चाकं जमिनीवर, इंजिन बंद. कुणाला तरी स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली प्रत्येक जोडावर हात ठेवून बघा. प्ले, म्हणजे जोडातला सैलपणा, डोळ्यांआधी बोटांना कळतो. झिजलेले एंड बदलण्याआधी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळू नका. सगळा प्ले बॉक्समध्येच आहे असं समजून तो आवळला जातो, आणि मग वळणावर बॉक्स जाम होतो.

चाक उचलून वरून-खालून धरून हलवा. लूज वाटलं तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. लूज गेला तर तो व्हील बेअरिंगचा होता, राहिला तर किंगपिनचा (ज्या खिळीवर चाक वळतं तिचा). स्टिअरिंग थरथरतं म्हणून नवा डँपर लावणं हा इलाज नाही, त्याने झिजलेला जोड फक्त झाकला जातो.

पाट्यांत तुटलेलं पान, वाकलेला सेंटर बोल्ट आणि चिरडलेले बुश शोधा. यू-बोल्ट काढले की नवेच बसवायचे, एकदा ताणलेला पुन्हा तशी पकड देत नाही. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर, पूर्ण वजनाने उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं.

## टप्पा ८: इंजिन, इंधन, कूलिंग

बरेच दिवस बंद असलेल्या इंजिनाला थेट सेल्फ मारू नका. ऑइल आणि फिल्टर बदला. प्लग किंवा ग्लो प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, काही तास थांबा आणि क्रँक पुलीला पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे द्या. फिरताना अडलं तर जोर करू नका. मग इंधन बंद ठेवून, प्लग काढलेले असतानाच, ऑइलचा दाब दिसेपर्यंत सेल्फ मारा. तो जादा ऑइलही बाहेर फेकतो, म्हणून प्लगच्या भोकांवर फडकं धरा आणि हे झाल्यावरच प्लग बसवा. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल आणि बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल, तर तो आधी बदला.

पहिल्यांदा इंजिन बाहेरच्या कॅनमधून, स्वच्छ इंधनावर चालवा. नीट चाललं तर दोष टाकीत किंवा पाईपमध्ये आहे, पंप-इंजेक्टरवर खर्च करायची गरज नाही. डिझेलच्या टाकीत तळाशी पाणी साठतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतूंचा काळा बुळबुळीत थर वाढतो. तो फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबवतो, म्हणून टाकी उतरवून साफच करावी लागते.

कूलिंगमध्ये होज, बेल्ट, रेडिएटरचं झाकण आणि थर्मोस्टॅट बदला, आतून फ्लश करा, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं ही फार पसरलेली चूक आहे. इंजिन थंडच चालतं, इंधन जास्त खातं, लवकर झिजतं, आणि तापण्याचं खरं कारण तसंच राहतं.

## टप्पा ९: वायरिंग

नवं वायरिंग हार्नेस घेण्याआधी अर्थिंग बघा. बॅटरी ते चासी, इंजिन ते चासी आणि बॉडी ते चासी या तीन पट्ट्या काढा, दोन्ही टोकांची जागा चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा आणि वरून ग्रीस लावा. मंद दिवे, न चालणारा वायपर, वेडंवाकडं दाखवणारं गेज यांतल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

मग मोजा. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी उतरली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग अजून कच्चं आहे.

आधीच्या मालकाने जोडलेल्या वायरी मागाला लागून शोधा आणि फ्यूज नसलेली प्रत्येक वायर काढा. जादा दिव्यांना रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

## टप्पा १०: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, डिफरन्शियल

ऑइल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. आधी खालचा ड्रेन प्लग काढला आणि मग वरचा सुटलाच नाही, तर गाडी कोरड्या गिअरबॉक्सने जागेवर अडकते.

निघालेलं ऑइल डब्यात धरून बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप चालतो, बोटांना टोचणारे तुकडे चालत नाहीत. डिफरन्शियलला साधारण जीएल-५ ऑइल लागतं. पितळी सिंक्रो रिंगांच्या जुन्या गिअरबॉक्सला बहुधा जीएल-४ सांगितलेलं असतं. 'वरचा ग्रेड म्हणजे चांगला' समजून तिथे सरसकट जीएल-५ भरू नका.

ॲक्सलचं सील गळत असेल तर नवं सील आणण्याआधी ब्रीदर बघा. ॲक्सलवरची ही छोटी टोपी चिखलाने बंद झाली की गरम हवा दाब धरते आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकलते. नवं सीलही तसंच गळेल. प्रोपेलर शाफ्ट काढताना दोन्ही फ्लँज आणि सरकत्या जोडावर खूण करा. जोड एक दात चुकून बसला तरी गाडी थरथरते.

तपासा: मागच्या चाकांना ओट लावा, एक पुढचं चाक उचला, हब लॉक करा (म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला जोडली जातात). इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, ट्रान्सफर केस फोर व्हीलवर. उचललेलं चाक हाताने थोड्या प्लेपलीकडे फिरता कामा नये. टू व्हीलवर टाकलं की ते फिरायला हवं. गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर (फोर व्हील फक्त गरजेपुरतं लावायची) असेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून चाचणी घेऊ नका. पुढची-मागची चाकं वळणावर वेगळं अंतर कापतात, ती तफावत कुठे निसटत नाही आणि ट्रान्सफर केस पिळली जाते.

## टप्पा ११: टायर, उंची, रंग

टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. भरपूर नक्षी असलेला पण कडेला भेगाळलेला टायर नको. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर फोर व्हीलमध्ये तोच ताण पुन्हा येतो.

उंची वाढवायची इच्छा समजते, पण किट हा त्या खर्चाचा फक्त पहिला भाग असतो. उंची वाढली की ब्रेकचे पाईप ताणले जातात, शाफ्टचे कोन वाढतात, शॉकॲब्सॉर्बर अपुरे पडतात आणि कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा कल) बिघडला तर स्टिअरिंग भटकतं. मोठ्या टायरने स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो आणि ब्रेक कमी पडल्यासारखे वाटतात. चांगले पाटे आणि मूळ मापाचे, खोल नक्षीचे टायर घेऊन आधी एक पावसाळा गाडी चालवा.

रंगाबद्दल एवढंच: गंजावर पुटी भरू नका.

## टप्पा १२: चाचणी

पहिल्या दिवशी बंद आवारात २० च्या वेगाने जाऊन दहा वेळा थांबा. गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. मग ५ किलोमीटर, मग २५, मग १००. प्रत्येक फेरीनंतर चारही हबजवळ हात नेऊन डावी-उजवी तुलना करा. एकच बाजू जास्त तापत असेल तर तिथलं बेअरिंग फार आवळलंय किंवा ब्रेक घासतोय. चाकांचे नट आणि यू-बोल्ट १०० किलोमीटरच्या आत टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि नटापासून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय, हे पाना न लावता कळतं.

शेवटच्या फेरीनंतर रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी तो बाहेर ओढा, डागांच्या जागा पहिल्या दिवशीच्या फोटोंशी ताडून बघा आणि जे डाग नवे आहेत ते वहीतल्या पहिल्या यादीत लिहा.